रिझर्व्हचा दुसरा हाफ

बेर्टल रिंगहोफरला बाक कधी मानवलाच नाही. खेळत होता तेव्हा त्याला बाकावर बसवायची कुणाची टाप नव्हती, आणि कोच झाल्यावर बसायची वेळ आली तर याच्या अंगाला खाजकुयली लागल्यासारखं व्हायचं. जेवतानासुद्धा टेबलाखाली पाय चालू. समोरच्याच्या नडगीवर दोन-चार लाथा ठरलेल्या. रोसविताने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या समोर बसणं सोडलं होतं. ती आपली शेजारी बसायची.

तसा माणूस ऐरागैरा नव्हे. वर डोंगरातल्या खाणीच्या गावचा पोरगा, बाप लोखंडाच्या कारखान्यात. सतराव्या वर्षी ग्रात्सच्या क्लबने उचलला, पुढे व्हिएन्नाने. मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळी टीम खेळवायचा. ऑस्ट्रियाकडून सहा मॅच खेळला आणि सहावीत डावा गुडघा गेला. ऑपरेशनं झाली, गुडघा जोडला, पण पूर्वीचा राहिला नाही, आणि मोठ्या क्लबांनी याला दुधातल्या माशीसारखा काढून टाकला. मग पठ्ठ्याने परीक्षा दिल्या, कोचचं प्रमाणपत्र मिळवलं आणि खालच्या लीगमध्ये खेळाडू-कोच म्हणून हिंडायला लागला. आमच्याकडे छोट्या क्लबांना ही चाल फार आवडते. एकाच माणसात दोघं मिळतात, आणि जुनं नाव बघायला चार टाळकी जास्त येतात.

घोडं पेंड खायचं ते इथेच. याला कोच म्हणून ठेवावं, तर हा स्वतःलाच खेळवायचा. पोराने एक पास चुकवला की हा उठलाच, जॅकेट फेकलं, पोराला बाहेर काढलं आणि स्वतः आत. बुर्गेनलांडच्या क्लबने एक वर्ष सोसलं. डॅन्यूबकाठच्या क्लबने हिवाळ्याच्या सुट्टीतच नारळ दिला. तिसऱ्या ठिकाणी तर याने स्वतःला पुढच्या फळीत घेतलं, पेनल्टी चुकवली, आणि पुढच्या पेनल्टीलाही पोराच्या हातातून चेंडू ओढून घेतला. तीही चुकवली. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात ना, तो हा पीळ.

मग तो आमच्या सांक्ट वेंडेलिनला आला. गाव ते केवढं. एक चर्च, एक तेलाची गिरणी, भोपळ्यांची शेतं आणि उतारावर असल्यासारखं वाटणारं मैदान. (ते उतारावर नाही. मोजून झालंय. हरलेल्या टीमलाच तसं वाटतं.) इथे रोसविताने चौकातल्या बंद पडलेल्या दुकानात केशकर्तनालय काढलं, आणि वर्षभरात गावातल्या बायका तिच्याकडे केस कापायला कमी आणि मन मोकळं करायला जास्त यायला लागल्या. कितीतरी वर्षांनी तिला खिडकीत कुंड्या ठेवाव्याशा वाटल्या. एके दिवशी ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "बेर्टल, मी आता पुन्हा खोकी भरणार नाही. तुला इथून जावं लागलं तर एकटा जा. सणावाराला ये."

रोसविता रागावून बोलली असती तर तो घाबरला नसता. ती शांतपणे बोलली म्हणून तो घाबरला.

आणि नेमकी त्याच वर्षी टीम तळाला गेली. सगळं शेवटच्या शनिवारावर येऊन ठेपलं. घरच्या मैदानावर मॅच, समोर ग्रोसग्राबेन, म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव, ज्यांच्याशी आमचं आजोबा-पणजोबांपासून पटत नाही. बरोबरी झाली तरी आम्ही लीगमध्ये राहणार होतो. हरलो तर खाली. अध्यक्ष पुखर, तेलगिरणीचे मालक, त्यांनी बेर्टलला गिरणीत बोलावून स्पष्टच सांगितलं होतं, की खाली गेलो तर कराराचं विसर. म्हणजे पुन्हा नवं गाव, आणि या खेपेला एकट्याने.

आता मैदानाच्या मधोमध खेळणार कोण, हा प्रश्न. बेर्टलची जागा तीच, आणि सेव्हरिन लॉइडलचीही तीच. सेव्हरिन आमच्याच गावचा, विशीतला, सुतारकाम करणारा, उंच आणि अबोल. पायात कला होती, अगदी बेर्टलनेच सांगितलं असतं, जर त्याला सांगता आलं असतं तर. पण त्या वसंतात बेर्टलने त्याला तीनदा उतरवलं आणि तीनदा अर्ध्या तासाच्या आत बाहेर ओढून स्वतः आत गेला. पोराची गत अशी झाली की पास दिला रे दिला की त्याची मान बाकाकडे वळायची. कोच उठलाय का? जॅकेट काढतोय का? ज्याचं अर्धं लक्ष बाकाकडे तो चेंडू काय कपाळ खेळणार?

ग्रोसग्राबेनवाल्यांनी हे हेरलं होतं. त्यांनी सेव्हरिनला निरोप धाडला, पुढच्या मोसमात आमच्याकडे ये, आम्ही तुला मॅचभर ठेवू. गावाला ही बातमी लागली आणि गावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचा पोरगा ओढ्यापलीकडे जाणार म्हणजे काय?

गुरुवारी सरावानंतर बेर्टलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, शनिवारी सेव्हरिन पहिल्यापासून खेळेल, मी बाकावर. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सेव्हरिनने बुटाची नाडी सोडता सोडता एवढंच विचारलं, "कोच, किती मिनिटं?"

"गरज पडली तरच मी येईन," बेर्टल म्हणाला.

"म्हणजे किती?"

बेर्टलने चेंडूंची जाळी खांद्यावर टाकली. घरी गेला, जेवला नाही, अंगणात येरझारा घालत बसला. रोसविता खिडकीतून बघत होती. त्याला मनापासून वाटत होतं की पोराला खेळू द्यावं. आणि तितक्याच मनापासून वाटत होतं की याने माती खाल्ली तर माझं घर गेलं. आपल्या घरासाठी आपण स्वतः धावू नये आणि एका सुताराला धावू द्यावं, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. पुखर म्हणत होते तू खेळ. गुडघा म्हणत होता नको. माणसाने ऐकायचं तरी कुणाचं?

शनिवार उजाडला तो दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या पोरांना चर्चमध्ये पक्कं ख्रिस्ती करून घ्यायच्या विधीचा. चर्चमध्ये बिशप आलेले, गावातली पोरं नवे कपडे घालून उभी, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायला एक धर्मबाप, पोरींना धर्ममाता. धर्मबापाने नंतर पोराला घड्याळ घ्यायचं, जेवू घालायचं, फिरवून आणायचं. या दिवशी ज्याने दांडी मारली त्याचं नाव आमच्याकडे त्याच्या मयतीपर्यंत निघतं. तर झालं असं की रिझर्व्ह टीममधले दोघं-तिघं धर्मबाप निघाले.

रिझर्व्ह म्हणजे क्लबची दुसरी टीम. मुख्य मॅचच्या आधी, त्याच मैदानावर, दोन्ही गावांच्या रिझर्व्ह टीमा खेळतात. पोट सुटलेले, नुकतेच बाप झालेले, कालपर्यंत पलंगावर पडलेले, सगळ्यांना तिथे जागा. बघायला असतात ती पेन्शनर मंडळी, आणि त्यांचंही लक्ष सोडा घातलेल्या वाईनच्या ग्लासात. पण एक नियम तिथे कडक आहे, तो शेंबड्या पोरालाही पाठ असतो. रिझर्व्हचा पहिला हाफ कुणीही खेळावा आणि मग मुख्य मॅचलाही उतरावं, हरकत नाही. पण दुसऱ्या हाफची शिटी वाजताना जो मैदानात असेल, त्याला त्या दिवशी मुख्य मॅच बंद. उतरवलाच, तर समोरच्याने फक्त तक्रार करायची, की मॅच गेली.

रिझर्व्हचा कप्तान आणि कोच, दोन्ही इग्नात्स. गावचा पोस्टमन, पन्नाशीकडे झुकलेला, टकलावर रुमाल बांधून खेळणारा. तो बेर्टलकडे आला आणि म्हणाला की आम्ही नऊच आहोत, बाकीचे बिशपाच्या पुढ्यात आहेत, कुणीतरी द्या. बेर्टल सकाळपासून पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा फिरत होता. मुख्य टीमच्या पोरांना दमवायचं नव्हतं. "मीच येतो," तो म्हणाला. "गुडघाही जरा गरम होईल. पहिला हाफ."

"पहिलाच हाफ," इग्नात्सने बजावलं. "मध्यंतरात मी शर्ट मागायला येईन."

आणि मग काय सांगावं. ऊन छान पडलेलं, कापलेल्या गवताचा वास, समोर ग्रोसग्राबेनचा खाटीक आणि त्यांच्या शाळेचा मास्तर धापा टाकत धावतायत. बेर्टलने पहिला चेंडू घेतला, थांबवला, मान वर केली आणि चाळीस पावलांवर इग्नात्सच्या पायात नेऊन ठेवला. इग्नात्स इतका चकित झाला की तो चेंडू त्याने बाहेरच घालवला. सगळे हसले. बेर्टलही हसला. पुढच्या वेळी इग्नात्सने तो गोलात घातला आणि पोस्टाची बॅग फेकावी तसा रुमाल फेकला.

इथे कुणाला खाली जायची भीती नव्हती. कुणाचं घर जाणार नव्हतं. चुकलं तर खाटीक म्हणायचा, "अरेरे, म्हातारा झालास बेर्टल," आणि बेर्टल म्हणायचा, "तुझ्या सॉसेजमुळे." व्हिएन्नात असताना, राष्ट्रीय टीममध्ये असताना, त्याला कधी असं खेळल्याचं आठवत नव्हतं. लहानपणी खाणीच्या मागच्या पटांगणात खेळायचा तेव्हाच काय ते. गुडघा ठणकत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. घराची, बायकोची, सेव्हरिनची, कुणाचीही आठवण त्याच्या डोक्यात नव्हती. तो नुसता खेळत होता.

मध्यंतर झालं. इग्नात्स आला, हात पुढे केला. "शर्ट."

बेर्टल बाटलीतलं पाणी पीत होता. "थांब रे. दोनच मिनिटं."

"शिटी वाजायच्या आधी दोन मिनिटं, की नंतर?"

बेर्टलने बाटली खाली ठेवली. तो चुन्याच्या रेघेपर्यंत आला. एक पाय रेघेच्या बाहेर पडलासुद्धा. आत त्यांचा फॉरवर्ड चेंडू मधोमध ठेवत होता, ऊन पडलं होतं, खाटकाने त्याला बोट दाखवून चिडवलं. बेर्टल वळला आणि आत गेला. रेफरीने शिटी मारली.

शिटी कानात गेली आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलो. हात दाखवून अवलक्षण. आता तो आज मुख्य मॅचला उतरू शकत नव्हता, जग बुडालं तरी. त्याला घाम फुटला. आणि चेंडू त्याच्याकडे आला, तेव्हा तो पुन्हा विसरला. मॅच संपेपर्यंत खेळला. ती मॅच आम्ही जिंकलो, म्हणजे रिझर्व्हने जिंकली, आणि ज्याचं कुणालाच देणंघेणं नव्हतं त्या विजयावर हा माणूस पोरासारखा उड्या मारत होता.

इग्नात्सने सगळं पाहिलं होतं, पण तो बोलला नाही. पोस्टमन माणूस, दुसऱ्याचं पाकीट फोडायची सवय नाही. त्याला वाटलं, कोचच्या मनात काहीतरी असेल. पुखर गिरणीतून उशिरा आले. रोसविता दुकानात संध्याकाळच्या जेवणावळीला निघालेल्या धर्ममातांच्या अंबाड्यांत अडकलेली, ती मुख्य मॅचच्या शिटीला कशीबशी पोचली. सेव्हरिन आणि बाकीची पोरं मागच्या गवतावर अंग मोकळं करत होती. बेर्टलने कुणालाही काही सांगितलं नाही. जॅकेट गळ्यापर्यंत ओढून तो बाकावर जाऊन बसला, आणि बसला म्हणजे उभाच राहिला.

पहिला हाफ गोलाशिवाय गेला. सेव्हरिन सुरुवातीला बरा खेळला, पण मान तशीच, पास आणि बाक, पास आणि बाक. बेर्टल रेघेवर इकडून तिकडे. प्रत्येक चेंडूबरोबर त्याचा उजवा पाय हवेत जायचा. एकदा तर त्याने शेजारी ठेवलेली पाण्याची पेटीच उडवली. सगळा गाव देव पाण्यात घालून बसला होता.

दुसऱ्या हाफमध्ये दहाएक मिनिटं झाली असतील. सेव्हरिनकडे चेंडू आला, मागून कुणी येत नव्हतं, नुसता वळला असता तरी चाललं असतं. पण त्याची मान आधी बाकाकडे गेली. मग घाईघाईने त्याने चेंडू मागे गोलकीपरकडे दिला, हळू दिला, आणि ग्रोसग्राबेनच्या फॉरवर्डने मध्येच तो उचलून गोलात टाकला. पलीकडच्या गावाचे ढोल सुरू झाले. आमच्या बाजूला कुणीतरी खाली बसलं.

"बेर्टल," मागून हाक आली. मग दुसरी. मग सगळेच ओरडायला लागले, बेर्टल, बेर्टल. आणि सवयीने त्याचे हात जॅकेटच्या चेनकडे गेले. त्याने ती अर्धी उघडलीसुद्धा. मग त्याला आठवलं. त्याचे हात तिथेच राहिले. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं, की आग लागलीय आणि याला विहिरीकडे जायला बंदी.

अध्यक्ष पुखर कुंपण ओलांडून आले. माणूस अंगाने भरलेला, चेहरा लालबुंद. "बूट घाल. काढ त्या पोराला."

"नाही येत मला."

"गुडघा गेला खड्ड्यात. मी म्हणतोय ना, उतर."

"अध्यक्ष, मी रिझर्व्हचा दुसरा हाफ खेळलोय," बेर्टल म्हणाला. "मी उतरलो तर मॅच जाते."

हे तो हळू बोलला असता तर बरं झालं असतं, पण ढोलांमुळे त्याला ओरडावं लागलं, आणि नेमके ढोल थांबले. सगळ्या कठड्यावर शांतता पसरली. पुखरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. रोसविताने दोन्ही हात तोंडावर नेले. आणि रेघेजवळ थ्रो घ्यायला आलेल्या सेव्हरिनने चेंडू डोक्यावर धरून कोचकडे बघितलं. चांगलं बघून घेतलं. मग त्याने थ्रो टाकला.

त्यानंतर त्याची मान वळली नाही.

बेर्टलला ते आधी कळलंच नाही. तो आपला ओरडत होता, सेव्हरिन हळू, सेव्हरिन मागे, सेव्हरिन डावीकडे. भिंतीला सांगावं तसं. पोरगा बघत नव्हता. चुकत होता, पण चुकल्यावर पुन्हा चेंडूमागे धावत होता. त्याने एकाला ढकललं, एकाला अडवलं, एकदा त्यांच्या दांडगट बॅकला असा फिरवला की तो बिचारा दोन्ही हात टेकून बसला. पेन्शनर मंडळींनी ग्लास खाली ठेवले.

मॅच संपत आली तेव्हा त्याने मधोमध चेंडू हिसकावला. उजवीकडे आमचा पोरगा मोकळा होता, अगदी मोकळा. "बाहेर!" बेर्टल ओरडला. "बाहेर दे!" तोच पास होता. शंभर वेळा बेर्टलने तोच दिला असता. सेव्हरिनने दिला नाही. तो सरळ आत घुसला, दोघांच्या मधून, बेर्टल डोक्याला हात लावतोय तोवर त्याने चेंडू एका फटीतून असा सरकवला की आमच्या फॉरवर्डला नुसता पाय लावायचं काम उरलं. गोल. बरोबरी.

मग काय, गाव कुंपणावरून खाली सांडलं. रेफरीने सगळ्यांना हाकलता हाकलता उरलेला वेळ संपवला. आम्ही लीगमध्ये राहिलो. रोसविताचं दुकान राहिलं, कुंड्या राहिल्या. आणि बेर्टल त्या गर्दीत हसत उभा होता, लोक पाठीवर थापा मारत होते, आणि त्याला रडू येत होतं. आनंदाचं म्हणावं तर नव्हे. जे झालं ते त्याच्याशिवाय झालं होतं. त्याचं ऐकलं असतं तर झालंच नसतं. हे त्याला सुईसारखं टोचत होतं, आणि हे टोचतंय याची त्याला लाजही वाटत होती.

क्लबच्या कँटीनमध्ये पाव, गरम लेबरकेझ, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जाड वड्या, वाईन, बिअर, सगळं एकदम सुरू झालं. पुखरांचा लाल चेहरा आता वेगळ्या कारणाने लाल. ते खुर्चीवर चढले. त्यांनी सांगितलं की असा कोच त्यांनी आयुष्यात बघितला नाही. ह्याला म्हणतात डोकं. पोरगा बाकाकडे बघतो, हे त्याला माहीत होतं. गाव आपल्याला उतरायला लावणार, हेही माहीत होतं. म्हणून स्वतःचेच पाय बांधून घेतले, दुपारीच, कुणाला न सांगता. पुढच्या दोन वर्षांचा करार इथल्या इथे, साक्षीला सगळे. लोकांनी टेबलं बडवली.

बेर्टलने तोंड उघडलं, आणि कुणीतरी त्यात बिअर ओतली. खोटं बोलायला लागलंच नाही, ते आयतंच ताटात पडलं. रोसविता मात्र शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. तिने कानाशी येऊन विचारलं, हे खरं का. तो म्हणाला, गर्मी फार आहे, आणि उठला. ती काय समजायचं ते समजली.

मग सेव्हरिन त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.  त्याने सांगितलं की ग्रोसग्राबेनला त्याने आत्ताच नाही म्हणून कळवलंय. "माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं, कोच," तो म्हणाला आणि लाजून बाहेर कॉर्नरची निशाणं गोळा करायला निघून गेला.

आता इथे गप्प बसणारा माणूस सुखी झाला असता. करार आहे, बायको आहे, पोरगा गावात राहतोय, गावाला देव सापडलाय. सगळं अंगाला फिट बसलेलं. पण बेर्टलला तो बाक जसा मानवला नाही, तसं हेही मानवेना. तो दोनदा दारापर्यंत गेला, दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मैदानात उतरला. ऊन अजून होतं, चर्चची घंटा वाजत होती. सेव्हरिन लांबच्या कोपऱ्यात निशाण उपटत होता. एवढं मैदान ओलांडायला त्याला फार वेळ लागला, कारण गुडघा आता वाकतच नव्हता.

"ते पुखर म्हणाले ते खरं नाही," बेर्टल म्हणाला. "मी तुझ्यासाठी काही केलं नाही. मला खेळायचं होतं. मजा येत होती, म्हणून मी बाहेर आलो नाही. इग्नात्स शर्ट मागत होता, मी दिला नाही. एवढंच आहे."

सेव्हरिनने निशाणाची काठी खांद्याला टेकवली. 

"माझी आठवण तरी आली होती का?"

"शिटी वाजल्यावर आली." बेर्टल म्हणाला. "मग चेंडू आला, आणि गेली."

पोराच्या चेहऱ्यावर काय होतं ते बेर्टलला वाचता येईना. त्याला वाटलं, आता हा ओढ्यापलीकडे जाणार, आणि त्याला जायचा हक्क आहे. करारही जाईल. जावा. निदान आतली घालमेल तरी थांबली होती, पहिल्यांदाच.

"पुढच्या वर्षी मी चुकलो तर तुम्ही पुन्हा उठणार," सेव्हरिन म्हणाला. ते विचारणं नव्हतं.

"उठणार," बेर्टल म्हणाला. "मी शंभरदा शपथ घेतली तरी उठणार. मला माहीत आहे मी कसा आहे."

"मग रिझर्व्हमध्ये खेळा. दर शनिवारी." सेव्हरिनने काठी त्याच्या हातात दिली. "दोन्ही हाफ."

बेर्टलला आधी हा टोमणाच वाटला. ऑस्ट्रियाकडून सहा मॅच खेळलेला माणूस, पोट सुटलेल्या मंडळींच्यात, दुपारच्या उन्हात, बघायला चार म्हातारे. त्याचा चेहरा कडू झाला. पण सेव्हरिन हसत नव्हता. तो वाट बघत होता, अगदी गुरुवारी नाडी सोडता सोडता बघत होता तशी. आणि बेर्टलच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात इग्नात्सला पास द्यायलासुद्धा लागलोय.

दोघं निशाणं घेऊन परत आले. कँटीनमध्ये पुखर पुन्हा खुर्चीवर चढायच्या बेतात होते. बेर्टलने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि सगळ्यांसमोर, रोसवितासमोर, जे होतं ते सांगून टाकलं, शर्टासकट. हसणं हळूहळू थांबलं. पुखरांनी इग्नात्सकडे बघितलं. इग्नात्सने मान हलवली, हो, हात पुढे केला होता मी.

"करार फाडायचा तर फाडा," बेर्टल म्हणाला.

पुखर काही बोलायच्या आत सेव्हरिनने सांगितलं की तो कुठे जात नाहीये, पण एका अटीवर, आणि अट सांगितली. पुखरांनी डोकं खाजवलं. खुळ्यांच्या गावात शहाण्याने किती बोलावं, असं काहीसं पुटपुटले आणि स्वतःचा ग्लास भरून घेतला. आमच्याकडे याला होकार म्हणतात. रोसविता इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता ती थांबेचना.

मग बेर्टल इग्नात्सच्या टेबलाशी गेला. हातात अजून ती काठी. कोच म्हणून त्याने आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"इग्नात्स, पुढच्या मोसमात मला घेशील का?"

इग्नात्सने लेबरकेझचा घास सावकाश चावला, गिळला, तोंड पुसलं. "पहिला हाफ की दोन्ही?"

"दोन्ही."

"मंगळवारी सरावाला ये," इग्नात्स म्हणाला. "जागा आहे का ते बघतो. नसली तर बाकावर बसावं लागेल."